रूळ रेल्वेचे, जमीन कुणाची?

अमेरिकेत घर किंवा शेतजमीन विकत घेताना मालकीहक्क तपासणाऱ्या कंपनीकडून एक अहवाल येतो. भूखंडाच्या चतुःसीमा, आधीच्या मालकांची साखळी, जुनी कर्जं फिटली की नाही, हे सगळं नीट दिसलं की जीव भांड्यात पडतो. मग शेवटच्या पानांवर, ज्या गोष्टींची हमी ही कंपनी देत नाही त्यांच्या यादीत, एक ओळ सापडते: भूखंडाच्या मागच्या बाजूने शंभर फूट रुंदीचा पट्टा, त्यावर रेल्वेचा ‘ईझमेंट’. त्या पट्ट्यावर कधी रूळ असतात, कधी नुसतं गवत माजलेलं असतं. घर घेणारा हमखास विचारतो, मग ही जमीन माझी की रेल्वेची?

अलीकडच्या दोन बातम्यांच्या मुळाशीही हाच प्रश्न आहे. जॉर्जिया राज्यात स्पार्टा या छोट्या गावाजवळ एका रेल्वे कंपनीला दगडाच्या खाणीपासून मुख्य मार्गापर्यंत साडेचार मैलांचा फाटा टाकायचा आहे, आणि वाटेतले काही मालक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेली जमीन द्यायला तयार नाहीत. टेक्ससमध्ये डॅलस ते ह्यूस्टन अशा सुमारे २४० मैलांच्या वेगवान गाडीसाठी खासगी कंपनी सक्तीने जमीन घेऊ शकते का, यावर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण गेलं. दोन्ही बातम्या वाचताना आपण ‘जमीन घेतली’ असं सहज म्हणून जातो. पण जमीन घेणं आणि जमिनीवरून जाण्याचा हक्क घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक गाडी धावत असते तोवर कुणाच्या लक्षात येत नाही. गाडी थांबते तेव्हा त्याच फरकावर लाखो डॉलरचे खटले उभे राहतात.

वाट आपली, माती शेजाऱ्याची

ईझमेंटला आपल्याकडच्या कायद्याच्या मराठीत सुविधाधिकार म्हणतात. दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक कामापुरता वापर करण्याचा हक्क, एवढाच त्याचा अर्थ. शेती असलेल्या मराठी माणसाला तो वेगळा समजवावा लागत नाही, कारण वहिवाट त्याला ठाऊक असते. आपल्या रानात जायला शेजाऱ्याच्या शेतातून वाट असते. वाटेखालची माती शेजाऱ्याची, वाटेकडेचं झाडही त्याचंच. पण गाडी-बैल नेण्याचा हक्क आपला. शेजाऱ्याने शेत विकलं म्हणून वाट बंद होत नाही, नवा मालक वाटेसकट शेत घेतो. आणि त्या वाटेवर आपण घर बांधू शकत नाही, विहीर खणू शकत नाही, कारण हक्क जाण्यायेण्याचा आहे, बाकी कशाचा नाही.

यात आणि नुसत्या परवानगीत फरक आहे. ‘जा बाबा माझ्या शेतातून’ ही परवानगी. ती देणाऱ्याला उद्या काढून घेता येते. सुविधाधिकार असा काढून घेता येत नाही. तो जमिनीला चिकटतो आणि तिच्याबरोबर मालकामागून मालकाकडे जातो.

रेल्वेचा सुविधाधिकार मात्र साध्या वहिवाटीपेक्षा बराच दांडगा असतो. वहिवाटीच्या वाटेवरून शेजारीही चालतो, आपणही चालतो. रुळांच्या पट्ट्यात तसं चालत नाही. भरधाव गाडी जिथून जाते तिथे मालकाने गुरं चारायला सोडली तर काय होईल, हे उघड आहे. म्हणून न्यायालयांनी रेल्वेला पट्ट्यावर जवळजवळ पूर्ण ताबा दिला आहे. ती कुंपण घालते, झाडं तोडते, भराव टाकते, आणि कागदोपत्री मालक असलेल्या माणसालाही तिथून हुसकावते. बाहेरून बघणाऱ्याला ती मालकीच वाटते. सगळा गोंधळ इथून सुरू होतो.

रेल्वेला हा हक्क मिळाला कसा?

एक मार्ग सरळ करारनाम्याचा. एकोणिसाव्या शतकात शेतकऱ्याच्या दारात रेल्वेचा माणूस यायचा, चार पैसे द्यायचा, आणि शेताच्या मधून जाणारा पट्टा लिहून घ्यायचा. कित्येकांनी नाममात्र एका डॉलरला लिहून दिला, कारण जवळ स्टेशन झालं की धान्य बाजारात पोचणार होतं आणि उरलेल्या जमिनीला भाव येणार होता. दुसरा मार्ग सक्तीचा, त्याकडे पुढे येतो. तिसरा, कागदच न करता रूळ टाकायचे आणि वर्षानुवर्षं गाडी चालवत राहायची. कायद्याने ठरवलेली मुदत लोटली की वापरातूनच हक्क तयार होतो.

चौथा मार्ग सगळ्यात मोठा, तो म्हणजे सरकारी देणगी. पश्चिमेकडची बहुतेक जमीन तेव्हा संघराज्य सरकारच्या ताब्यात होती (ती मूळच्या रहिवाशांकडून कशी घेतली गेली, हा वेगळा आणि फार वेदनेचा इतिहास आहे). १८६२ मध्ये अब्राहम लिंकन यांनी पॅसिफिक रेल्वे कायद्यावर सही केली. त्या कायद्याने देश आडवा पार करणाऱ्या रेल्वेला रुळांच्या दोन्ही बाजूंना दोनशे-दोनशे फुटांचा पट्टा दिला. शिवाय मार्गालगतच्या जमिनीचे चौकोन एक सोडून एक दिले. प्रत्येक चौकोन एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. नकाशावर ते बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं: काळी घरं रेल्वेची, पांढरी सरकारची. दर मैलामागे असे दहा चौकोन मिळत होते, १८६४ मध्ये ते वीस झाले. रेल्वेने हे चौकोन विकून किंवा गहाण टाकून पैसा उभा करायचा, अशी कल्पना. १० मे १८६९ रोजी युटामधल्या प्रॉमोंटरी समिट इथे दोन्ही बाजूंचे रूळ जुळले.

पण एवढी जमीन खासगी कंपन्यांच्या घशात गेलेली बघून लोक खवळले. नवे वसाहतकरी जमिनीच्या शोधात येत होते आणि चांगले चौकोन आधीच रेल्वेच्या नावावर असायचे. १८७१ नंतर अशा देणग्या थांबल्या. तरीही रेल्वे हवीच होती. म्हणून १८७५ मध्ये नवा कायदा आला: सरकारी जमिनीवरून जाणाऱ्या कोणत्याही रेल्वेला मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर फूट, आणि दर दहा मैलांना एका स्टेशनासाठी वीस एकरांपर्यंत जागा. चौकोन बंद. या कायद्यात एक बारीक वाक्य होतं: ज्या जमिनीवरून असा मार्ग जातो ती यापुढे कुणालाही दिली गेली, तर या मार्गहक्काच्या अधीन राहूनच दिली जाईल. म्हणजे जमीन दुसऱ्याला देता येणार होती, फक्त मार्गाचं ओझं तिच्यावर राहणार होतं. जमीन रेल्वेला देऊनच टाकली असती तर ती पुन्हा दुसऱ्याला द्यायला उरली कुठे असती? या एका वाक्यावर पुढे शंभर वर्षांहून जास्त काळ वाद चालला.

एका शब्दाने काय बदलतं?

खासगी करारांत हाच वाद खरेदीखताच्या शब्दांवर येतो. दोन जुन्या कागदांची कल्पना करा. दोन्हींत शेत तेच, पट्टा तोच, पैसेही तेवढेच. पहिल्यात लिहिलंय: ‘या रकमेच्या बदल्यात खाली वर्णन केलेली शंभर फूट रुंदीची जमीन मी कंपनीला कायमची विकत आहे.’ दुसऱ्यात लिहिलंय: ‘या रकमेच्या बदल्यात माझ्या जमिनीवरून रेल्वे बांधून चालवण्यासाठी शंभर फूट रुंदीचा मार्गहक्क मी कंपनीला देत आहे.’

पहिल्यात जमीन गेली. दुसऱ्यात जमीन राहिली, फक्त तिच्यावर ओझं आलं. सही करणाऱ्या शेतकऱ्याला त्या दिवशी फरक जाणवलाही नसेल, कारण दुसऱ्या दिवशी मजूर आले ते दोन्हीकडे सारखेच. पण १२० वर्षांनी रूळ उखडले जातात तेव्हा पहिल्या शेतकऱ्याच्या पणतूला काहीच मिळत नाही आणि दुसऱ्याच्या पणतूची जमीन मोकळी होते.

खरे कागद इतके स्वच्छ नसतात, हीच अडचण. वर ‘मार्गहक्क’ असा मथळा आणि खाली ‘जमीन विकली’ असा मजकूर, किंवा ‘रेल्वेच्या कामासाठी वापरात असेपर्यंत’ अशी मधेच घुसवलेली अट. मग न्यायाधीश बाकीच्या खुणा शोधतात. दिलेली किंमत जमिनीची होती की नुसत्या वापराची? पट्ट्याची मोजणी करून नेमकं वर्णन केलं होतं, की ‘जिथून रूळ जातील तिथून’ असं मोघम? कुंपण आणि गुरांसाठी फाटक कुणी द्यायचं हे ठरलं होतं का? विकून टाकलेल्या जमिनीबद्दल इतक्या अटी कुणी घालत नाही. त्यात प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. त्यामुळे एकाच मार्गावर एका काउंटीत (आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग) रेल्वे मालक आणि शेजारच्या शेतात नुसती वापरकर्ती, असं अगदी सर्रास आढळतं. शंभर मैलांचा मार्ग म्हणजे एक सलग मालमत्ता नसते. शेकडो वेगवेगळ्या कागदांचे तुकडे जोडून शिवलेली ती गोधडी असते.

मग रेल्वेने सरळ जमीनच का घेतली नाही?

ही शंका बरोबर आहे, आणि तिचं उत्तर बरंचसं व्यवहारात आहे. रेल्वेला गाडी न्यायची होती, शेती करायची नव्हती. वापराचा हक्क स्वस्त पडतो. शेतकऱ्यालाही वडिलोपार्जित शेताच्या मधला भाग कायमचा परक्याच्या नावावर करण्यापेक्षा हे पटायचं. आणि जिथे रेल्वेने सक्ती केली, तिथे बऱ्याच राज्यांच्या कायद्यांचा कल असा राहिला की सार्वजनिक कामाला जेवढं लागतं तेवढंच घ्यावं. गाडी नेण्यापुरता हक्क पुरत असेल तर मालकी का काढून घ्यायची?

मला हा विचार मनापासून पटतो. सक्ती करायचीच वेळ आली, तर तिची मर्यादा गरजेएवढीच असायला हवी.

रुळांखाली तेल निघालं तर?

हा प्रश्न काल्पनिक नाही. माँटाना राज्यात ग्रेट नॉर्दर्न रेल्वेला १८७५ च्या कायद्याखाली मिळालेल्या पट्ट्याखालचं तेल काढायचं होतं. पट्टा आमचा, तर खालचं तेलही आमचं, असं कंपनीचं म्हणणं. सरकार म्हणालं, नाही. तुम्हाला फक्त वरून गाडी न्यायचा हक्क दिलाय. १९४२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं म्हणणं उचलून धरलं. १८७५ च्या कायद्याने दिला तो केवळ सुविधाधिकार, आणि तेलावर रेल्वेचा हक्क नाही. वाटेने जायचा हक्क असलेल्या माणसाने वाटेखाली विहीर खणावी, तसंच ते झालं असतं.

पुढे तेलाच्या जागी काचतंतूंच्या केबल आल्या. दूरसंचार कंपन्यांना शहराशहरांत केबल न्यायच्या होत्या, आणि रेल्वेचे पट्टे तर सरळ, सपाट, आयते तयार. रेल्वेने भाडं घेऊन परवानगी दिली. पट्ट्याशेजारचे मालक न्यायालयात गेले: तुमच्याकडे गाडी न्यायचा हक्क आहे, तो भाड्याने देऊन इंटरनेट विकण्याचा नाही. वर्षानुवर्षं खटले चालले आणि राज्याराज्यांत सामूहिक तडजोडी होऊन मालकांना भरपाई मिळाली. सिग्नलच्या तारा रेल्वेच्या कामाच्या, हे कुणीही मान्य करेल. तिसऱ्याच कंपनीची केबल रेल्वेच्या कामाची कशी, हा खरा मुद्दा. काही न्यायालयांनी ‘रेल्वेचं काम’ हा शब्द सैल धरला, काहींनी घट्ट. कागदावर हेतू नीट लिहिलेला असता तर यातले कितीतरी खटले उभेच राहिले नसते.

गाडी कायमची थांबते तेव्हा

१९१६ च्या सुमारास अमेरिकेत रेल्वेचं जाळं सगळ्यात मोठं होतं, अडीच लाख मैलांहून जास्त. मग मोटारी आल्या, ट्रक आले, महामार्ग आले. १९८० च्या कायद्याने रेल्वे कंपन्यांना तोट्यातले मार्ग बंद करणं आणखी सोपं केलं. आज जाळं साधारण एक लाख चाळीस हजार मैलांवर आलं आहे. बाकीच्या एक लाखाहून जास्त मैलांच्या पट्ट्यांचं काय झालं?

नियम साधा आहे: हेतू संपला की सुविधाधिकार संपतो. बोलताना लोक म्हणतात, ‘जमीन मालकाला परत मिळते.’ हे वाक्य मला खटकतं, कारण जमीन कुठे गेलेलीच नसते. तिच्यावरचं ओझं उतरतं. ‘परत मिळाली’ म्हटलं की मालकाला काहीतरी बक्षीस मिळाल्यासारखं वाटतं आणि ते द्यावं की न द्यावं अशी चर्चा सुरू होते. ‘ओझं उतरलं’ म्हटलं की चित्र नीट दिसतं.

पण म्हणून वीस वर्षं गाडी आली नाही, चला रूळ उपटू या, असं करायला जाऊ नका. न वापरणं म्हणजे सोडून देणं नव्हे. मार्ग सोडल्याचं ठरवण्याचा अधिकार सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्ड या रेल्वेचं नियमन करणाऱ्या संघराज्याच्या यंत्रणेकडे आहे. रेल्वेने अर्ज करायचा, बोर्डाने परवानगी द्यायची, मग रेल्वेने मार्ग खरोखर सोडल्याचं कळवायचं. तोवर गंजलेल्या रुळांतून झाडं उगवली असली तरी हक्क जिवंत असतो, आणि त्यावर पाऊल टाकणारा मालक अतिक्रमण करणारा ठरू शकतो.

वायोमिंगमधल्या एका कुटुंबाची गोष्ट इथे सांगायलाच हवी. मेडिसिन बो राष्ट्रीय वनालगत सरकारने १९७६ मध्ये त्यांना ८३ एकर जमीन दिली. मधून अर्धा मैल जुना रेल्वेमार्ग जात होता, १८७५ च्या कायद्याखाली १९०८ मध्ये मंजूर झालेला; त्या पट्ट्यात त्यांच्या जमिनीपैकी दहाएक एकर अडकलेले होते. २००४ पर्यंत रूळ उखडले गेले आणि मार्ग अधिकृतपणे सोडला गेला. सरकार म्हणालं, पट्टा आता आमच्याकडे येतो. कुटुंब म्हणालं, तो आमच्या ८३ एकरांतलाच आहे.

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मताने कुटुंबाच्या बाजूने निकाल दिला. त्यातलं मुख्य कारण मोठं बोलकं आहे. १९४२ मध्ये तेलाच्या खटल्यात सरकारनेच सांगितलं होतं की रेल्वेकडे केवळ सुविधाधिकार आहे. सुविधाधिकार संपला की जमीन मोकळी होते आणि ती मूळ मालकाची राहते. मूळ मालक होतं सरकार, पण ती जमीन त्याने १९७६ मध्येच या कुटुंबाला देऊन टाकली होती. सत्तर वर्षांपूर्वी जिंकलेलाच युक्तिवाद सरकारला आता उलटा फिरवता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. कायद्याने सरकारलाही त्याच्या शब्दाला बांधून ठेवावं, याचं इतकं सरळ उदाहरण क्वचित मिळतं.

एक खुलासा केला पाहिजे. हा निकाल १८७५ च्या कायद्याखालच्या मार्गांपुरता आहे. १८६२ किंवा १८६४ सारख्या आधीच्या देणग्यांतले पट्टे न्यायालयांनी वेगळे मानले आहेत. तिथे रेल्वेला मर्यादित स्वरूपाची मालकीच मिळाली होती, असं १९०३ च्या एका निकालात म्हटलं आहे. म्हणून शेजारच्या गावात काय झालं यावरून आपल्या पट्ट्याचा अंदाज बांधता येत नाही.

पण तिथे सायकलमार्ग झाला तर कुणाचं काय बिघडलं?

हा सगळ्यात जास्त ऐकू येणारा आक्षेप आहे, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या सोडलेल्या कित्येक रेल्वेमार्गांवर आता चालायचे आणि सायकलचे रस्ते आहेत. मिझुरी राज्यातला केटी ट्रेल तर सुमारे २४० मैलांचा. मिझुरी नदीच्या काठाकाठाने, जुन्या लोखंडी पुलांवरून, कड्यांच्या सावलीतून लोक आठवडाभर सायकल चालवत जातात. असा सलग मार्ग एकदा तुटला, तुकड्या-तुकड्यांत विकला गेला, की पुन्हा कधीच जोडता येत नाही. उद्या रेल्वे परत आणायची ठरली तरी मार्ग उरणार नाही.

याच विचाराने अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, १९८३ मध्ये एक तोडगा काढला, त्याला रेलबँकिंग म्हणतात. रेल्वे मार्ग सोडायला निघाली आणि एखादी संस्था किंवा सरकारी यंत्रणा त्याची जबाबदारी घ्यायला तयार झाली, तर रूळ काढून तिथे पायवाट करायची. पण कायद्याच्या लेखी मार्ग सोडलेला मानायचाच नाही. पुढेमागे रेल्वेला लागेल म्हणून तो राखून ठेवला आहे, असं धरायचं. सोडलेला नाही म्हणजे सुविधाधिकार संपलेला नाही, आणि तो संपलेला नाही म्हणजे मालकाची जमीन मोकळी झालेली नाही.

आता मालकाच्या अंगणातून विचार करा. त्याच्या पणजोबाने गाडीसाठी हक्क दिला होता. गाडी गेली. ओझं उतरायच्या नेमक्या क्षणी सरकारने म्हटलं, थांबा, आता या वाटेने लोक चालतील. दिवसातून दोन मालगाड्या जायच्या तिथे आता सकाळ-संध्याकाळ अनोळखी माणसं परसातून ये-जा करतात. वाट चांगली आहे, चालणारी माणसं चांगली आहेत, हे सगळं मान्य. पण पणजोबाने सही केली ती याच्यासाठी नव्हती.

व्हरमाँट राज्यात शँप्लेन सरोवराकाठी राहणारं एक दांपत्य हेच घेऊन न्यायालयात गेलं. त्यांच्या जमिनीवरचा हक्क १८९९ चा, रूळ १९७५ मध्ये काढलेले. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेलबँकिंगचा कायदा वैध ठरवला. मार्ग राखून ठेवण्याचा अधिकार काँग्रेसला आहे. पण त्यातून कुणाची खासगी मालमत्ता घेतली गेली असेल, तर भरपाई मागायचा दरवाजा उघडा आहे, असंही सांगितलं. राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती म्हणते की सार्वजनिक वापरासाठी खासगी मालमत्ता न्याय्य मोबदल्याशिवाय घेता येत नाही. १९९६ मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने या दांपत्याला मोबदला देणं लागतं असा निकाल दिला. तेव्हापासून असे दावे कोर्ट ऑफ फेडरल क्लेम्समध्ये, म्हणजे संघराज्य सरकारकडून पैसे मागण्याचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयात, चालतात आणि पुष्कळ मालकांना पैसे मिळाले आहेत.

मला ही वाट योग्य वाटते. पायवाटा व्हाव्यात, जरूर व्हाव्यात. पण सगळ्यांच्या आनंदाचा खर्च पट्ट्याशेजारच्या पाच-पन्नास घरांवर टाकू नये. तो सगळ्यांनी मिळून, म्हणजे सरकारी तिजोरीतून द्यावा.

यात एक सापळा आहे, तो ठळकपणे सांगतो. दावा करायची मुदत सहा वर्षांची आहे, आणि ती पायवाट बांधून झाल्यापासून मोजत नाहीत. मार्ग पायवाटेसाठी वापरण्याची बोलणी करायला बोर्ड जी पहिली नोटीस काढतं, त्या दिवसापासून घड्याळ सुरू होतं. ती नोटीस प्रत्येक मालकाच्या घरी टपालाने येईलच असं नाही. सात वर्षांनी बुलडोझर आल्यावर जागे झालेल्या मालकांच्या हाती काही उरत नाही.

नको म्हटलं तर सक्ती करता येते?

येते, अटींवर. राज्यांनी रेल्वे कंपन्यांना स्थापनेपासूनच सक्तीच्या भूसंपादनाचा अधिकार दिला, कारण एक जरी शेतकरी अडून बसला तरी अख्खा मार्ग अडतो. रस्ता वळसा घालून नेता येतो. गाडीला तीव्र वळण आणि चढ चालत नाही. अट एवढीच की काम सार्वजनिक उपयोगाचं हवं आणि मोबदला न्याय्य हवा.

जॉर्जियातला वाद पहिल्या अटीवर आहे. मालकांचं म्हणणं, हा फाटा एका खाणीच्या आणि मोजक्या ग्राहकांच्या फायद्याचा आहे, यात जनतेचं काय? कंपनीचं म्हणणं, रेल्वे सगळ्यांचा माल नेते, म्हणून ती सार्वजनिकच. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्याच्या पब्लिक सर्व्हिस कमिशनने कंपनीला परवानगी दिली आणि मालक न्यायालयात गेले. टेक्ससमध्ये प्रश्न त्याहून मूलभूत होता: एकही रूळ न टाकलेल्या कंपनीला ‘रेल्वे’ म्हणायचं का? जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मताने कंपनीला हा अधिकार असल्याचं सांगितलं. अधिकार मिळाला म्हणून गाडी धावतेच असं नाही; २०२५ मध्ये केंद्राने त्या प्रकल्पाचं सुमारे ६ कोटी ४० लाख डॉलरचं अनुदान काढून घेतलं.

मोबदला मोजताना पट्ट्याचे एकर गुणिले बाजारभाव, एवढ्यावर भागत नाही. पट्ट्याआधी पूर्ण शेताची किंमत किती होती आणि पट्ट्यानंतर उरलेल्याची किती, हा फरक धरावा लागतो. शेत मधोमध कापलं तर गोठा एका बाजूला आणि तळं दुसऱ्या बाजूला राहतं. सहा फूट उंच भराव उतारावर आडवा आला की वरच्या अंगाचं पावसाचं पाणी तिथेच तुंबतं, आणि पट्ट्याला स्पर्शही न झालेलं दहा एकर पीक सडतं. हे नुकसान त्या शंभर फुटांच्या बाहेरचं आहे, म्हणून ते मागावं लागतं. कुणी आपणहून देत नाही.

कागद समोर आला तर

अशा करारावर सही करायची वेळ आली, तर ‘मार्गहक्क’ या एका शब्दावर समाधान मानू नका. हक्क कशासाठी ते लिहून घ्या: रेल्वे चालवण्यासाठी, आणि त्याशिवाय केबल, पाइपलाइन, पायवाट यांसाठी नाही. दुसऱ्या कंपनीला हक्क देण्याआधी लेखी संमती लागेल, हे लिहून घ्या. मार्ग सोडला की हक्क आपोआप संपेल आणि रूळ, खडी, पूल काढून न्यायची जबाबदारी कंपनीची राहील, हेही. भरावाखालून पाणी जायला मोरी कुठे आणि किती रुंद, ट्रॅक्टर ओलांडायला फाटक कुठे, हे नकाशावर खूण करून जोडा. फाटक निव्वळ ‘परवानगीने’ देऊ केलं तर ते नाकारून ओलांडण्याचा हक्कच मागा. परवानगी उद्या काढून घेता येते, आणि मग पलीकडच्या शेतात जायला वाट उरत नाही.

घर घेताना अहवालात जुना ईझमेंट दिसला, तर त्याच्याशेजारी दिलेल्या पुस्तक आणि पान क्रमांकावरून काउंटीच्या नोंदणी कार्यालयातून मूळ कागदाची नक्कल मागवा. बऱ्याचदा तो वळणदार हस्ताक्षरातला दीड पानाचा मजकूर असतो. ‘जमीन देत आहे’ की ‘जमिनीवरून जाण्याचा हक्क देत आहे’, हे शोधा, आणि ते वाक्य घेऊन त्या राज्यातल्या जमीनविषयक वकिलाकडे जा. त्याचबरोबर तो मार्ग चालू आहे, सोडलेला आहे की राखून ठेवलेला आहे, हे सरफेस ट्रान्सपोर्टेशन बोर्डाच्या नोंदींत बघा, आणि पायवाटेची नोटीस निघाली असेल तर तिची तारीख लिहून ठेवा.